भाड्याचं रुखवत

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त फोटो निघाले ते एका मोराचे. माझे नाहीत, नवऱ्याचे तर नाहीतच. बदामाची मान, मनुकांचे डोळे, काजू-पिस्त्यांचा पिसारा असा तो मोर रुखवताच्या टेबलावर मधोमध बसला होता. स्टेजच्या पायऱ्या चढून मला भेटायला येताना लोकांचे गुडघे दुखत होते, पण मोरासमोर सेल्फीसाठी ढकलाढकली चालली होती. नात्यातल्या एका आजोबांनी तर इकडेतिकडे बघून पिसाऱ्यातला एक काजू उपटून तोंडात टाकला. लगेच बाहेर काढला. त्याला वॉर्निश होतं. आजोबांनी तो काजू रुमालात गुंडाळला आणि काहीच झालं नाही अशा थाटात जेवणाच्या काउंटरकडे निघून गेले.

वॉर्निश असणारच. मोर आमच्या घरी बनलाच नव्हता. कोपरखैरण्याच्या मार्केटातल्या एका दुकानातून तो एका दिवसापुरता भाड्याने आणला होता. मी बोहल्यावर चढायच्या आधी त्याने कित्येक लग्नं पाहिली होती. अनुभवाच्या बाबतीत तो फक्त भटजींच्या खालोखाल होता.

आमच्यासारख्या घरात भाड्याचा मोर का आला, हे सांगायचं तर आधी माझी काकू सांगावी लागते. बाबा आणि काका, दोघं भाऊ साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या मार्केटात माथाडीचं काम करू लागले. पाठीवर कांद्या-बटाट्याची पोती. दोघांची लग्नं झाली, दोघांच्या बायका कोपरखैरण्यातल्या एकाच खोलीत आल्या आणि एकाच नळावर भांडल्या. मग काकांनी पोती सोडली आणि टेम्पो घेतला. टेम्पोचा ट्रक झाला, ट्रकचे प्लॉट झाले, आणि काकू पाम बीच रोडवरच्या टॉवरमध्ये इतक्या उंचावर राहायला गेली की तिथे म्हणे डास पोचत नाहीत. बाबा मार्केटातच राहिले. त्यांनी आमच्या खोलीवर एक मजला चढवला, एवढीच आमची गगनभरारी.

तेव्हापासून आमच्या घरातल्या वस्तूंचं काही खरं राहिलं नाही. काकूकडे दोन दारांचा फ्रीज आला, की आमचा एका दाराचा फ्रीज त्याच आठवड्यात आवाज करायला लागायचा. तो आवाज फक्त आईला ऐकू यायचा. काकूकडे मॉड्युलर किचन झालं, तेव्हा आईने सुताराला बोलावून ओट्याखाली एक सरकता खण करून घेतला. त्यात उलथणंसुद्धा नीट मावत नाही, पण पाहुणे आले की आई तो उगाचच एकदा ओढते आणि परत ढकलते. काकूच्या बाल्कनीतून खाडी दिसते, थंडीत फ्लेमिंगो दिसतात. आमच्या खिडकीतून समोरच्यांचे बनियन दिसतात, ते मात्र बारा महिने. "गुलाबी बगळं तर हायत, त्यात काय बगायचं?" असं म्हणून आई नाक मुरडायची, आणि मग महिनाभर बाबांच्या मागे लागायची की एकदा आपन बी जाऊन येऊ.

आई वाईट नाही हो. काकूचं वाईट व्हावं असंही तिला कधी वाटलं नाही. तिने फक्त स्वतःच्या सुखाची फूटपट्टी काकूच्या घरी नेऊन ठेवली होती, त्यामुळे काहीही मोजायचं झालं की आधी पाम बीचला जावं लागायचं.

काकूच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. रुखवतात चॉकलेटचा किल्ला होता, बुरुजांसकट. काचेच्या डब्यात चांदीची भातुकली होती. आई त्या टेबलासमोर इतका वेळ उभी राहिली की तिचं जेवायचंच राहिलं. परत येताना रिक्षात सानपाडा येईपर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या लग्नात आपन काय ठेवायचं गं?"

मला तोवर स्थळसुद्धा सांगून आलं नव्हतं. पण आईचं रुखवत त्या रिक्षात सुरू झालं ते झालंच.

पुढे माझं ठरलं. मुलगा सानपाड्याचा, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना नमस्कार केला तरी त्या तो तपासून घेताहेत असं वाटतं. त्यांना पाहिल्यापासून आईच्या जिवाला घोर लागला. तिचं म्हणणं असं, की सासरी पोरीला काय मान मिळणार हे पहिल्याच दिवशी ठरतं, आणि ते रुखवताच्या टेबलावर ठरतं. तिकडच्या बायका येतात, बघतात आणि मग जन्मभर ऐकवतात. त्यात हॉलमध्ये काकू असणार, म्हणजे एकाच टेबलावर आईची दोन पेपरांची परीक्षा होती.

"आई, लाडू कर, चकल्या कर. तुझ्या चकल्या गल्लीत फेमस आहेत," मी म्हणाले.

"चकल्या? जिनं चॉकलेटचा किल्ला ठेवला तिच्या म्होरं चकल्या मांडू व्हय? काय अब्रू हाय का न्हाय आपल्याला?"

अब्रू भाड्याने मिळते हा शोध आईला मार्केटात लागला. एका दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं: रुखवत भाड्याने मिळेल. आत ओळीने शेरवान्या लटकत होत्या, फेटे होते, खोटे दागिने होते, आणि कपाटावर तो मोर. रुखवताचे तीन प्रकार होते: साधं, डिलक्स आणि राजेशाही. तीन पिढ्यांत आमच्या घरात राजेशाही असं काही आलं नव्हतं, त्यामुळे आईने तेच निवडलं. मोर, आइस्क्रीमच्या काड्यांची बैलगाडी, डाळींचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचं अख्खं लग्न लागलेलं, त्यात सुपारीचा भटजीसुद्धा. दुकानदार म्हणाला, "संध्याकाळी पाचला आमचा टेम्पो येईल हं, ताई. लगेच घणसोलीला दुसरं लग्न आहे."

आई म्हणाली, "या की."

इथे आम्ही सगळे कसे झोपलो होतो देव जाणे. रुखवत नवरीबरोबर सासरी जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. आईचं स्वतःचं रुखवत, एक तांब्याचा हंडा आणि पितळेचे डबे, तिच्याबरोबरच या खोलीत आलं होतं आणि त्यातल्या एका डब्यात आजही तूरडाळ आहे. पण रुखवत म्हणजे मुलीला द्यायचं काहीतरी, हे आईच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. तिच्या लेखी ती आता फक्त काकूला दाखवायची गोष्ट होती. आणि दाखवून झालं की टेम्पोने जाईल, त्यात काय?

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद. आमच्याकडे घाणा भरतात. पाच सवाष्णी मिळून मुसळ धरतात, हळद कुटतात, गाणी म्हणतात. पाच लागतात, पण आमच्या गल्लीला आकडा कळत नाही. सकाळपासून बायका येतच होत्या. मुसळ एक आणि हात किती, यावरून दोघींची बाचाबाची झाली. जात्याच्या ओव्या म्हणायला बसलेल्या एका मावशींना मधली ओळ आठवेना, तर दुसरीने भलतीच ओळ जोडली आणि सगळ्या फिदीफिदी हसत सुटल्या. चहाचं दूध संपलं. कुणीतरी आपल्या घरून आणलं, तेही संपलं. आई ओशाळून गेली होती, कारण दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काकू बसली होती, कडक इस्त्रीची पैठणी नेसून. "आमच्याकडं बाई असलाच गोंधळ," आई तिला सारखी म्हणत होती. काकू नुसती बघत होती. मला वाटलं, हिला गर्दीचा त्रास होतोय. होऊ दे, मला काय.

लग्नाच्या दिवशी राजेशाही रुखवताने आपलं काम चोख केलं. सासूबाईंनी चष्मा वर करून एकेक वस्तू न्याहाळली आणि विचारलं, "हे सगळं विहीणबाईंनी केलं?" आईने मान अशी काही हलवली की तिचा ज्याला जो हवा तो अर्थ काढता यावा. काकू मोरासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा आई मुद्दाम स्टेजवर येऊन माझी मुंडावळी नीट करू लागली. मुंडावळी नीटच होती. तिला फक्त वरून काकूचा चेहरा बघायचा होता.

जेवणं झाली. पाठवणीची वेळ जवळ आली. आणि नवऱ्याची आत्या दोन मोठी खोकी घेऊन रुखवताच्या टेबलाकडे निघाली.

"बैलगाडी खोक्यात ठेवा," ती भाच्यांना सांगत होती. "वृंदावन डिकीत. मोर मात्र मी मांडीवर घेऊन बसणार बाई, त्याला धक्का लागता कामा नये."

आईचा चेहरा पांढराफटक पडला.  बाबांना अचानक कॅटररशी फार महत्त्वाचं बोलायचं आठवलं आणि ते दिसेनासे झाले.

"राहू द्या हो ताई," आई धावत गेली. "आमी पाठवतो की उद्या, निवांत."

"छे छे," सासूबाई म्हणाल्या, "रुखवत नवरीबरोबरच जायला हवं. मागे ठेवत नाहीत."

तेवढ्यात दारात दुकानदार उभा. बरोबर दोन माणसं, बाहेर टेम्पो सुरूच. घणसोलीची घाई होती, त्यामुळे नमस्कार-चमत्कार काही नाही. तो सरळ टेबलाकडे गेला आणि त्याने मोर उचलला. म्हणजे मान उचलली. शेपटी नवऱ्याच्या आत्याच्या हातात होती.

"अहो, कोण तुम्ही? सोडा तो," आत्या ओरडली.

"मावशी, तुम्ही सोडा. तुटला तर यांचं डिपॉझिट जाईल."

डिपॉझिट हा शब्द त्या हॉलमध्ये असा काही पसरला की सनईची सीडीसुद्धा मला बंद पडल्यासारखी वाटली. सगळे आईकडे बघू लागले. आईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. तिला तसं उभं बघून मला इतका संताप आला, की त्या मोराच्या मानेला धरून मीच तो आपटावा असं वाटलं. संताप कुणाचा ते कळत नव्हतं. आईचा, आत्याचा, चॉकलेटच्या किल्ल्याचा, सगळ्यांचाच. भीतीही वाटत होती. ज्या घरात तासाभराने मला माप ओलांडायचं होतं ते अख्खं घर समोर डोळे वटारून उभं होतं.

मी स्टेजवरून खाली उतरले आणि म्हणाले, "तो भाड्याचा आहे. बैलगाडी, वृंदावन, सुपाऱ्या, सगळं भाड्याचं आहे. आमचं यातलं काहीच नाही."

सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी दुकानदार बोलला, आणि त्यांच्याशीच अगदी अदबीने बोलला.

"मॅडम, तुम्ही पण इथेच आहात ते बरं झालं. ती शेरवानी पण आत्ताच देता का? एका फेरीत होईल, मला परत सानपाड्याला यायला नको."

सगळ्या माना माझ्या नवऱ्याकडे वळल्या. तो बिचारा स्वतःच्याच छातीकडे बघत उभा राहिला.

"फेटा पण आहे त्यात," दुकानदार म्हणाला. धंद्यात तो प्रामाणिक होता.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. आधी मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग कळलं, त्या हसत होत्या. जन्मभर वर्गात शांतता राखलेली ती बाई पोट धरून हसत होती. "फेटा पण! अहो विहीणबाई," त्या आईला म्हणाल्या, "तुमच्याकडचं कुणी शेरवानीची कॉलर उलटून दुकानाचा शिक्का बघेल म्हणून सकाळपासून मी याला खाली वाकू दिलं नाही हो. कन्यादानाला तो ताठ बसला होता तो तेवढ्यासाठी!"

म्हणजे बघा. आम्ही त्यांच्यावर छाप पाडायला मोर आणला, त्यांनी आमच्यावर छाप पाडायला शेरवानी आणली, दोन्ही एकाच दुकानातून आणि एकाच टेम्पोने. एकमेकांना आधी विचारलं असतं तर निदान काही सूट तरी मिळाली असती. नवरा आत जाऊन चौकड्याचा शर्ट घालून आला. खरं सांगू का, त्या दिवशी पहिल्यांदाच तो मला बरा दिसला.

टेम्पो गेला. टेबल रिकामं झालं. सासरचे हसत होते, बाबाही कॅटररकडून परत आले. पण आईच्या चेहऱ्यावर काही हसू येईना. पहिला पेपर सुटला होता, दुसरा तसाच होता. काकू खांबापाशी उभी राहून सगळं बघत होती.

आई सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मीही मागोमाग गेले. काकूने एक शब्द जरी वाकडा काढला असता, तर मी मुंडावळ्यांसकट भांडले असते.

"बोल," आई म्हणाली. "काय बोलायचं ते बोलून घे. तुझ्या पोरीचं खरं व्हतं, माझ्या पोरीचं भाड्याचं. झालं समाधान?"

काकू हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली.

"माझ्या पोरीचं रुखवत खरं होतं," ती म्हणाली. "बाया भाड्याच्या होत्या."

आईला कळेना. मलाही.

"घाणा भरायला पाच सवाष्णी लागतात ना. आमच्या मजल्यावर चार दारं. एक माझं. बाकीच्या दारांवरच्या पाट्या वाचल्यात मी, माणसं बघितली नाहीत. इव्हेंटवाल्याला सांगितलं, तर त्याने पाठवल्या पाच पोरी, नऊवारी नेसवून. त्यातली एक मला विचारते, मॅडम, मुसळ कुठल्या बाजूने धरायचं?" काकू हसल्यासारखं करत होती, पण तिला जमत नव्हतं. "माझ्या लेकीला हळद लावली आणि लगेच निघाल्या. जेवा म्हटलं, तर जेवल्यासुद्धा नाहीत. त्यांचा पुढे दुसरीकडे कार्यक्रम होता."

"मला का न्हाय सांगितलंस गं?" आई एकदम ओरडली. "आमी समद्या आलो असतो की! आमंत्रन पन लग्नाचंच दिलंस. हळद घरच्या घरात हाय म्हनालीस."

"तुला बोलावलं असतं, तर तुला कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"की मला कुणी नाही म्हणून."

 ज्या बाईवर मात करायला तिने उभा जन्म घालवला, तीच बाई समोर हरून उभी होती, आणि आईला जिंकता येत नव्हतं. मी शालूच्या पदराने डोळे टिपले. रागही आला, कारण पाठवणीचं रडणं पुढे शिल्लक होतं आणि काजळ एकदाच लावलेलं होतं.

"काल तुझ्या दारात बसले होते ना," काकू म्हणाली, "सारखं वाटत होतं, उठावं आणि मुसळाला हात लावावा. पण तिथं जागाच मिळेना."

"आगं मग ढकलायचं की दोघींना! तिथं काय विचारून जागा मिळती व्हय?" आईने तिचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. पैठणीची घडी मोडेल याचं दोघींनाही काही वाटलं नाही. "तुझ्या धाकट्या पोराचं लगीन बगताय न्हवं? त्याच्या घान्याला मी आनते बाया. तुझ्या त्या गेटवरच्या वॉचमनला आधीच सांगून ठेव. एकेकीचं नाव मोबाइलात भरता भरता त्याची ड्युटी संपंल."

काकू आता खरंच हसली. मग तिने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, अशा आवाजात की त्या आवाजाची काकू मी कधी ऐकली नव्हती, "येतील का गं? माझ्याकडं?"

गल्लीतल्या बायका हॉलच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. पाठवणी लांबली म्हणून कुणी पाय चोळत होत्या, कुणी पान जुळवत होत्या, कुणाच्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलं होतं. आईने काकूचा दंड न सोडता तिथूनच हाक मारली, "आगं ए, येनार न्हवं गं समद्या?"

"येनार की!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

कुठे, कधी, कशाला, एकीनेही विचारलं नाही.